बॅटरीच्या खोलीमागचं ऊन

शेवंतामावशी गच्चीत आली की आधी वाकायची. देवाबिवाला नव्हे. उजव्या हाताचा तळवा लादीवर पालथा ठेवायची, जरा थांबायची आणि कुणी विचारलेलं नसताना निकाल द्यायची. "आज जवल्याचं हाय." किंवा, "आज सोड्यांचं." आणि मळभ असलं की माझ्याकडे बघून, "आज बामनांचं. पापड घाला नि झोपा."

जवळा म्हणजे अगदी बारीक, नखाएवढी कोळंबी. कडक ऊन असलं तर एका दिवसात खुळखुळते. सोडे म्हणजे मोठी कोळंबी सोलून वाळवलेली. तिला लागोपाठ काही दिवस सारखं, आरडाओरडा न करणारं ऊन लागतं. हे सगळं ज्ञान मला, सोवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईला, साठी जवळ आल्यावर प्राप्त झालं. त्याआधी मला उन्हाचे दोनच प्रकार माहीत होते, छत्री लागणारं आणि न लागणारं.

मावशी गेल्या आषाढात गेली. तिच्या लेकीचा, मंदाचा, कल्याणहून फोन आला. हल्ली फोन वाजला की चष्मा सापडायच्या आधीच मनात हजेरी सुरू होते, आता कोण. मावशीचं वय झालं होतं, डोळे गेले होते, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. नुसता थकवा आला. मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसून राहिले आणि दूध उतू गेलं.

नोकरी संपल्यावर आम्ही वर्तकनगरची जागा मुलाला देऊन डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहायला आलो. चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर, आमच्या डोक्यावर मावशी, मावशीच्या डोक्यावर गच्ची. पहिल्याच हिवाळ्यात घरात असा काही वास शिरला की आमच्या ह्यांनी फ्रीज पुढे ओढून मागे उंदीर मेलाय का ते पाहिलं. मग मी वर गेले. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरमागे बसल्यामुळे लोकांना नियम समजावून सांगणं हाच आपला जन्म, असा माझा समज होता. मी पदर नीट केला आणि म्हणाले, "तुमच्या वाळवणाचा वास आमच्या घरात येतो."

मावशी जवळा पसरत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"वास तुमच्या घरात नाय आला गो बाय. तुमचं घर वासात आलंय."

मग तिनं हातातलं सुपडं खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. आमची इमारत जिथं उभी आहे तिथं तिच्या सासरचं खळं होतं. होडी आली की मासळी तिथं पसरायची. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, होडी बसली, नवऱ्यानं जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात चौथ्या मजल्यावरचं घर घेतलं. बिल्डर तोंडी बोलला होता, गच्चीत वाळवा, तुम्हाला कोण अडवतंय. "जमीन इकली," मावशी म्हणाली, "ऊन नाय इकलं. खालचं खलं वरती चढवलंय, इतकंच."

त्यावर मी म्हणाले, "कायद्यानं गच्ची ही सामाईक मालमत्ता असते." हे वाक्य आठवलं की मी अजून पंख्याखाली एकटी हसते. ती बाई, म्हणजे मी, समोर आली तर तिला एक गोळी देऊन झोपवीन.

खाडीतली मासळी मावशी आता घेत नव्हती. रॉकेलचा वास मारतो म्हणायची. पहाटे उठून बाजारातून ओली कोळंबी आणायची, ती सुद्धा फार नाही. विकण्यापुरतं काही उरलं नव्हतं. मंदाला, तिच्या सासरी, खालच्या वाण्याच्या बायकोला, इमारतीतल्या दोघीतिघींना असं वाटून टाकायची. मग एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुमी रोज सकालला पेपर कनाला वाचता? काय बदलतंय काय?" मी पेपर बंद केला नाही, पण विचारणं बंद केलं.

तिच्या पायांत एक निळी आणि एक तपकिरी स्लिपर असायची. दोघींचे जोडीदार गेलेत, म्हणायची, विधवा विधवा एकत्र राहतात. कावळे हाकायला काठी होती, तिच्या टोकाला लाल पिशवीची चिंधी. कावळ्यांना ती नात्यानं ओळखायची. एक जाडा, मानेला राखाडी पट्टा असलेला कावळा होता, त्याला 'जाऊबाय' म्हणायची. "आली बग जाऊबाय. काम नाय करायची, पन वाटा पयला हिला."

आमच्याकडे वीज जायची ती मोठी हुशारीनं जायची. महापालिकेचं पाणी पहाटे यायचं, आणि बरेचदा नेमकी तेव्हाच वीज नसायची. खालच्या टाकीत पाणी आणि वर चढवायला पंप बंद. मग चारही मजल्यांच्या बायका हंडे-कळशा घेऊन जिन्यात. सगळ्यात वर मावशी, म्हणून सगळ्यात जास्त पायऱ्या तिच्या. ती कधी कुरकुरली नाही. पण तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराशी हंडा टेकवून भिंतीला कपाळ लावून उभी राहायची. मी दार किलकिलं करून बघायची. आत बोलवावं तर ती म्हणणार, "बसली तं उठनार नाय."

मी सेक्रेटरी झाले, कारण बाकी कुणी व्हायला तयार नव्हतं. मला मात्र वाटलं, गुणांची कदर झाली. गळ्यात चष्म्याची साखळी, हातात फाईल. सौर ऊर्जेवर मी इमारतीच्या पार्किंगमध्ये एक भाषण ठोकलं. 'आपल्या देशाला सूर्याचं वरदान आहे' इथून सुरुवात होती आणि 'शाश्वत' हा शब्द इतक्या वेळा होता की पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा मला पुढे तीन महिने 'शाश्वतबाई' म्हणत होते. मुद्दा साधा होता. नुसती पॅनेलं लावून उपयोग नव्हता, कारण पाणी यायचं सूर्य उगवायच्या आधी. दिवसाचं ऊन साठवून पहाटेपर्यंत ठेवायला हवं होतं. म्हणजे बॅटऱ्या. आणि बॅटऱ्या ठेवायला वारा खेळणारी खोली. ती गच्चीतच बांधायची.

काम करणारे सुर्वे म्हणून होते. पन्नाशीचे, सदा घामेजलेले, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी मे महिन्यात गच्चीतच सगळ्यांना जमवलं आणि खडूनं आखून दाखवलं. इथं पॅनेलं, इथं बॅटरीची खोली, आणि खोलीच्या मागचा हा कोपरा मावशींच्या वाळवणाला. मावशी पुढे आली, वाकली, कोपऱ्यात तळवा ठेवला आणि चटकन उचलला.

"कसं आहे, मावशी?" सुर्व्यांनी विचारलं.

"जवल्याचं हाय," ती म्हणाली. "चालंल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मी न्याय केला.

आता गंमत ऐका. आम्ही सगळे कुरडया-पापडवाले. आमच्या डोक्यात वाळवण म्हणजे उन्हाळा. मेमध्ये सूर्य टाळूवर असतो, सावली पायाखाली. मावशीचा हंगाम दसरा झाला की सुरू व्हायचा आणि थंडीभर चालायचा. तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या उत्तरेला लांब होतात, हे आम्हा शाळा शिकलेल्यांना भूगोलात होतं, पण भूगोल आम्ही गच्चीत नेला नव्हता. आणि मावशीच्याही ध्यानात आलं नाही. तिला मोकळ्या जागेचं ऊन पाठ होतं. खळ्याला कधी भिंत नव्हती. भिंतीमागचं ऊन तिनं पाहिलंच नव्हतं.

खोली झाली, पॅनेलं चढली. पावसाळा सरता सरता एका पहाटे वीज गेली, आणि पंप चालू राहिला. जिन्यात लोक कळशा घेऊन निघाले होते ते तसेच उभे. कुणीतरी हसलं. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. मावशी तिच्या दारात रिकामा हंडा घेऊन उभी होती. सुर्वे मुद्दाम थांबले होते, त्यांना तिनं विचारलं, "हे कवाचं ऊन?"

"कालचं, मावशी."

"कालचं? म्हंजे शिलं?"

"शिळंच म्हणा."

तिनं आत जाऊन नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "वास नाय मारत." मग हंडा पालथा घालून त्यावर बसली. बराच वेळ बसली. तिला कधी बसलेली मी पाहिलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीच्या आसपास ती खाली आमच्या दाराशी आली. बेल कधी वाजवायची नाही, कडी हलवायची.

"शिक्रेटरीन, वरती चल."

कोपऱ्यात तिनं प्लास्टिकचा कागद अंथरला होता, त्यावर जवळा. दुपारचे बारा वाजत आलेले आणि सगळा कागद बॅटरीच्या खोलीच्या सावलीत. जवळा ओलसर, गुलाबी पडलेला. तिनं माझा हात धरून लादीवर ठेवला. लादी गार होती.

"हे कनाचं ऊन?" तिनं विचारलं.

मी हात उचलून पदराला पुसला.

"मना ऊन नको देऊ," ती म्हणाली. "ऊन हायच. फकस्त ती सावली हलवा."

मी म्हणाले, मीटिंगमध्ये विषय घेते.

मीटिंगमध्ये विषय घेतला. सुर्व्यांना बोलावलं. खोली हलवायची तर वायरिंग सगळं नव्यानं; मावशीला उन्हातली जागा द्यायला पॅनेलांची एक ओळ काढायची तर बॅटरी पुरी भरणार नाही आणि पहाटेचा पंप धोक्यात. दोन्हीकडून तेच. लोक वाईट नव्हते. सगळ्यांनी माना हलवल्या, मावशीचं बरोबर आहे म्हणाले, आणि विषय पुढच्या मीटिंगला ढकलला. पुढच्या वेळी तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये आला, आणि त्याच्या पुढच्या वेळी आयत्या वेळी कुणाला आठवला नाही. मावशी मात्र प्रत्येक मीटिंगला यायची, शेवटच्या खुर्चीवर बसायची. कुणी 'आणखी काही?' म्हटलं की माझ्याकडे बघायची. मी फाईल चाळायची.

दरम्यान एका दुपारी सुर्वे वर गेले, कारण बॅटरी भरत नव्हती. मला हाक आली. वर जाते तर पॅनेलांच्या कडेच्या ओळीवर जवळा. नीट, पातळ, चाळणीतून चाळल्यासारखा पसरलेला, वर जुनी मच्छरदाणी. शेजारी मावशी, काठी घेऊन.

"मावशी, हे काय?" सुर्वे म्हणाले.

"जवला."

"ते दिसतंय. पण इथं?"

"ऊन इथं हाय म्हनून इथं. तिकरं असतं तं तिकरं घातला असता. आनि बग तरी रं, तापतंय कसं, पानी निथलतंय कसं. असं खलं माज्या सासऱ्यानं सपनात बगितलं नसंल."

"एका पॅनेलवर झाकण पडलं की सगळी ओळ मंदावते. बॅटरी भरणार नाही. पहाटे लाईट गेली की पंप बंद. सगळ्यात आधी तुमच्याच घरात पाणी नाही येणार."

जाऊबाय पलीकडच्या कठड्यावर येऊन बसली होती, तिच्याकडेही मावशीचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे पानी पन माजं, जवला पन माजा," ती शेवटी म्हणाली. "आता मी भांडू कुनाशी?"

तिनं स्वतःच मच्छरदाणी काढली आणि हातानं जवळा गोळा करायला लागली. सुर्व्यांनी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हाताला वास लागंल, घरची घरात घ्यायची नाय."

मी काय केलं? मी पाटी लावली. 'सौर पॅनेलवर काहीही वाळत घालू नये.' खाली 'हुकुमावरून'.

आणि पुढच्या वैशाखात मीच तिथं कुरडया घातल्या. गच्चीत जागा उरली नव्हती, पॅनेल स्वच्छ पुसलेलं होतं आणि माझ्या मते कुरडई ही वस्तू हलकी, पारदर्शक आणि सात्त्विक. मावशी वर आली. तिला वाचता यायचं नाही.

"त्या पाटीवर काय लिवलंय गो?"

"काही वाळत घालू नये."

"मंग हे काय?"

"कुरडया आहेत."

"वालत नाय घातल्या? निजवल्यात?"

मी म्हटलं, त्यांना मासळीसारखं तेल नसतं. ती इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मग पदरानं डोळे पुसत तिनं काठी उचलली आणि कुरडया गोळा होईपर्यंत कावळे हाकत उभी राहिली. पाटीबद्दल तिनं परत एक शब्द काढला नाही. मी सुद्धा.

त्यानंतरच्या थंडीत तिनं एक नवं काम सुरू केलं. पॅनेलांच्या दोन ओळींमधून, खोलीच्या कडेनं, उन्हाची एक चिंचोळी पट्टी दिवसभर सरकत जायची. मावशी कागद पट्टीबरोबर सरकवायची. थोडं बसायची, ओढायची, बसायची, ओढायची. मी कपडे काढायला गेले की दिसायची, निळी स्लिपर आणि तपकिरी स्लिपर, कागद मागे. जवळा धड वाळायचा नाही, बुरशी धरायचा, टाकून द्यायची. "अर्ध्या उन्हाची मासली," म्हणायची, "ना ओली ना सुकी. तुमच्या मीटिंगवानी."

मग गुडघे गेले. मग एका डोळ्यात मोतीबिंदू. एक दिवस मंदा येऊन तिला कल्याणला घेऊन गेली. जाताना मावशी आमच्या दाराशी थांबली, हंडा टेकवायची तिथंच.

"वरती राहून काय करू? पानी हाय. ऊन नाय." हे तक्रारीच्या सुरात नव्हतं. सामान बांधून झाल्यावर माणूस खिडक्या लावल्यात ना बघतो, तसं होतं.

पुढे बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांचंही वय असतं, हे मला भाषणाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. सुर्वे आले, आता त्यांचेही केस पिकलेले. म्हणाले, नवीन बॅटरी कपाटाएवढी येते, खाली मीटरच्या खोलीत भिंतीला बसेल. वरची खोली लागणार नाही. मी तोवर सेक्रेटरी नव्हते, नुसती आजी होते, तरी ताडकन उठून म्हणाले, "पाडा."

पाडली. थंडीचेच दिवस होते. राडारोडा उचलल्यावर मी हळूहळू वर गेले, कठडा धरून वाकले आणि तळवा लादीवर ठेवला. भाजला. मला त्या उन्हाचं नाव सांगता येईना, म्हणून मंदाला फोन केला.

मावशी आली ती रिक्षातून, मंदाचा हात धरून. प्रत्येक मजल्यावर आम्ही एकेक खुर्ची ठेवली होती. ती प्रत्येक खुर्चीवर बसली आणि प्रत्येक मजल्याला नावं ठेवली. दुसऱ्यावर म्हणाली, "हितं अजून फोडनी जलते." आमच्या दारासमोर म्हणाली, "बामनीन, वास येतोय का गो अजून?" मी म्हटलं, मावशी, आता नाही येत. "वंगाल झालं," ती म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

गच्चीत तिला काहीच नीट दिसत नव्हतं. मी हाताला धरून कोपऱ्यात नेलं. ती वाकू शकेना, तर सरळ खालीच बसली आणि दोन्ही तळवे लादीवर ठेवले. जरा थांबली.

"जवल्याचं हाय."

मंदानं पिशवीतून ओल्या जवळ्याची पुडी काढली. म्हातारीनं पहाटे उठून तिला बाजारात पाठवलं होतं. मावशीनं कागदावर तो पसरला, बोटांनी, डोळ्यांची गरज नसल्यासारखा, सारखा पातळ. मग कठड्याला पाठ टेकली आणि बघता बघता झोपली. तोंड उघडं, उन्हात. मंदा खाली चहा टाकायला गेली.

जाऊबाय असेल किंवा जाऊबायची सून असेल, एक कावळा येऊन बसला. काठी तिथंच होती, इतकी वर्षं, टाकीच्या मागे, चिंधी पांढरी पडलेली. मी ती उचलली. आणि मी, सोवळ्याच्या घरातली, कायद्यानं गच्ची सामाईक म्हणणारी, भर दुपारी जवळ्यावरचे कावळे हाकत बसले. सेक्रेटरीपदात केलं नाही इतकं काम मी त्या दुपारी केलं. पाय आखडले, टाळू तापली, नाकाला पदर लावावा लागला. पण एक दाणा जाऊ दिला नाही.

ऊन कलल्यावर ती उठली. मूठभर जवळा उचलून कानाशी खुळखुळवला. "झाला," म्हणाली. पुडी बांधून कमरेला खोचली, कुणाला एक चिमूट दिली नाही. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं.

मी खिडकीतून रिक्षा वळताना पाहिली. रिक्षातून तिचा हात बाहेर आला होता, तळवा खाली, बोटं पसरलेली. रस्त्यावर संध्याकाळचं तिरपं ऊन होतं. ते कशाचं, ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर रिक्षा सावलीत शिरली तेव्हा तिनं हात आत घेतला.